हिवाळ्यातला माल्टा: इतिहास बघायला जाणाऱ्यांनी काय, कोणत्या क्रमाने ठरवावं

भूमध्य समुद्रातल्या माल्टाला बिगरहंगामात जाणाऱ्यांची फसगत बहुतेक एकाच पद्धतीने होते. उन्हाळ्यातला आठवड्याचा कार्यक्रम कुठून तरी उचलायचा, त्यातलं पोहणं वजा करायचं आणि उरलेलं जसंच्या तसं पाळायचं. मग रविवारी राजधानी व्हॅलेटातल्या सेंट जॉन को-कॅथेड्रल या चर्चचं दार पर्यटकांना बंद, शेजारच्या गोझो बेटाची बोट वाऱ्याने रद्द, प्रागैतिहासिक देवळं बघायला पोचेपर्यंत तिकीटखिडकी मिटलेली आणि रात्री खोलीत हुडहुडी. नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत हे बेट वेगळ्या वेळापत्रकावर चालतं. गर्दी कमी असते हे खरं, पण उजेडही कमी असतो आणि समुद्र आपल्या मर्जीने वागतो. म्हणून आधी न हलणाऱ्या गोष्टी बांधायच्या आणि बाकीचं वाऱ्यावर सोडायचं. हे अगदी शब्दशः घ्या.

## १. आधी महिना ठरवा

दिवाळीच्या सुट्टीला जोडून जायचं असेल, तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला समुद्र अजून कोमट असतो. मात्र पावसाच्या जोरदार सरी याच सुमारास सुरू होतात. ऑक्टोबरमध्ये गोझोच्या व्हिक्टोरिया गावात आस्त्रा आणि ऑरोरा ही दोन थिएटरं ऑपेरा करतात. एकाच रस्त्यावरची ही दोन्ही थिएटरं प्रतिस्पर्धी बँड मंडळांची आहेत. ऑपेराची आवड असेल तर तारखा त्यावरून ठरवा.

डिसेंबरात ८ तारखेला बोर्मला गावात निष्कलंक मातेचा उत्सव असतो आणि घरोघरी, चर्चमध्ये गोठ्याचे देखावे मांडलेले असतात. २१ डिसेंबरच्या आसपास दक्षिणायन संपताना इम्नायद्राच्या देवळात सूर्योदय बघता येतो. दिवस मात्र सर्वांत लहान. सूर्य पाचच्या आत मावळतो.

जानेवारी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुस्त. कौटुंबिक खानावळी याच महिन्यात सुट्टी घेतात. फक्त दगड आणि संग्रहालयं बघायची असतील तरच जानेवारी.

मला विचाराल तर फेब्रुवारी. बेट हिरवं असतं, १० तारखेला व्हॅलेटात संत पॉलच्या जहाजफुटीचा सण असतो आणि त्याच्या आगेमागे कार्निव्हल येतो. कार्निव्हलची तारीख ईस्टरवरून ठरते; ॲश वेन्सडे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासाचा पहिला दिवस, त्याच्या आधीचे पाच दिवस धरायचे. २०२७ मध्ये ॲश वेन्सडेच १० फेब्रुवारीला आहे, म्हणजे उपवासाचा पहिला दिवस आणि संत पॉलचा सण एकमेकांवर येतात. त्या वर्षी जाणार असाल तर मिरवणुकीचा कार्यक्रम जाहीर होईपर्यंत त्या दिवसासाठी काही पक्कं करू नका.

इशारा: गावोगावच्या जत्रा, म्हणजे फेस्ता, त्यांचे बँड आणि दारूकाम यांचा हंगाम मुख्यतः जून ते सप्टेंबर. छायाचित्रांत दिसणारी ती रोषणाई हिवाळ्यात शोधू नका.

## २. न हलणाऱ्या गोष्टी बांधा

यात पहिला नंबर हाल साफ्लिएनी हायपोजियमचा. पावला गावच्या घरांखाली खडकात खोदलेली ही तीन मजली दफनभूमी इ.स.पू. ४००० ते २५०० या काळात वापरात होती. आतलं तापमान आणि दमटपणा सांभाळायचा असल्यामुळे दिवसाला फक्त ८० माणसं, तीही दहा-दहांच्या गटाने, आत सोडतात. उन्हाळ्यात तिकिटं महिनोन्महिने आधी संपतात. हिवाळ्यात थोडी सैल असतात, पण "जाऊन बघू" म्हणणाऱ्याला हिवाळ्यातही मिळत नाहीत.

क्रम असा ठेवा:

1. विमानाच्या आधी हायपोजियमचं ऑनलाइन कॅलेंडर उघडा आणि तुमच्या आठवड्यात जागा कशा भरत आहेत ते बघा.
2. व्हिसासाठी दहा-बारा आठवडे आधी अर्ज करा, म्हणजे व्हिसा हातात आल्यावरही तिकीट घ्यायला वेळ उरतो.
3. कार्निव्हलचा किंवा नाताळचा आठवडा असेल, तर व्हिसाची वाट न बघता तिकीट घ्या. पैसे परत मिळतील असं धरू नका. तेवढा धोका पत्करा.
4. काहीच मिळालं नाही, तर थोडी तिकिटं दुसऱ्या दिवसासाठी व्हॅलेटातल्या सेंट एल्मो किल्ल्याच्या खिडकीवर विकली जातात. ती महाग असतात. सकाळी खिडकी उघडायच्या आधी रांगेत हजर राहा.

सहा वर्षांखालच्या मुलांना आत प्रवेश नाही. फोटो काढता येत नाहीत. पिशव्या, फोन बाहेर ठेवावे लागतात. उशीर झाला तर तुमचा गट थांबत नाही.

दुसरी न हलणारी गोष्ट म्हणजे इम्नायद्राचा सूर्योदय. विषुवदिनी पहाटेचा किरण देवळाच्या दारातून मुख्य अक्षावरून सरळ आत जातो. अयनदिनी तो दाराच्या बाजूच्या उभ्या शिळांच्या कडेवर पडतो. हेरिटेज माल्टा ही सरकारी संस्था या दिवसांसाठी मोजक्या लोकांचे गट नेते. नोंदणी आधी करावी लागते आणि ढग आले तर सूर्य दिसत नाही. आशा बेताची ठेवा.

तपासा: हेरिटेज माल्टाची ठिकाणं २४, २५ आणि ३१ डिसेंबर, १ जानेवारी आणि गुड फ्रायडेला बंद असतात. नाताळचा आठवडा घेतलात तर संग्रहालयाचे दिवस इथेच कमी होतात.

## ३. व्हिसा

माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटात आहे. भारतातून अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रांतून जातो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो द्यावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत ताणू शकतात. प्रौढांचं शुल्क ९० युरो आहे. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू असावा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला असावा.

चुका ठरलेल्या आहेत. माल्टाला जोडून सिसिली करणारे खूप असतात, कारण सिसिलीतल्या पोझ्झाल्लोला थेट बोट जाते. अशा वेळी जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. पाच रात्री इटलीत आणि तीन माल्टात असताना माल्टाकडे अर्ज केलात, तर तो अडकू शकतो. दुसरी चूक सायप्रसची. तो देश युरोपीय संघात असला तरी शेंगेनमध्ये नाही. तिकडे किंवा ट्युनिशियाला मध्येच जाऊन माल्टाला परतायचं असेल, तर एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो.

हॉटेल रद्द करता येण्याजोगं घ्या. कव्हर लेटरमध्ये हिवाळ्यात जाण्याचं कारण एका ओळीत लिहा. "पुरातत्त्व स्थळं आणि कार्निव्हल बघायचा आहे" एवढं पुरे.

## ४. राहायची जागा आणि बॅग

इथे सर्वांत जास्त पैसे चुकीच्या ठिकाणी जातात. बुजिब्बा आणि मेल्लिहासारख्या समुद्रकाठच्या वस्त्यांत हिवाळ्यात खोल्या मातीमोल भावाने मिळतात. स्वस्त असण्याचं कारण पोचल्यावर कळतं. किनाऱ्यावरची निम्मी दुकानं बंद, आणि व्हॅलेटाला जायला बसमध्ये तासभर. इतिहासासाठी आलात तर व्हॅलेटात राहा, किंवा बंदरापलीकडे बिर्गूत. स्लिमाही चालेल, पण तिथून व्हॅलेटाची छोटी फेरी जोराच्या वाऱ्यात बंद पडते आणि मग बसने खाडीला वळसा.

तापमान दिवसा साधारण १५-१६ आणि रात्री १० अंशांच्या आसपास. आकडा वाचून पुणेकर हसतील. पण माल्टातली जुनी घरं चुनखडीच्या दगडाची, उंच छताची आणि उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. दगड ओल धरतो, सेंट्रल हीटिंग बहुतेक ठिकाणी नसतं आणि अंथरूण गार लागतं. म्हणून बुकिंगच्या आधी मालकाला लेखी विचारा:

- एसी गरम हवा देतो का, आणि विजेचे पैसे वेगळे का?
- खोलीत ओल शोषणारं यंत्र आहे का?
- खोली तळघरात किंवा रस्त्याच्या पातळीवर आहे का? असेल तर नको.
- लिफ्ट आहे का? व्हॅलेटातल्या जुन्या घरांत बहुधा नसते. आईवडील बरोबर असतील तर हा प्रश्न पहिला.

बॅगेत वारा अडवणारं जाकीट हवं. छत्री इथे दोन दिवसांत उलटी होऊन कचऱ्यात जाते. बुटांच्या तळव्याला पकड असू द्या, कारण व्हॅलेटाचे उताराचे दगडी रस्ते पावसात साबणासारखे होतात. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा आहे. त्याचा अडॅप्टर इथूनच न्या.

## ५. दिवसांना तारखा देऊ नका, जात द्या

वारानुसार कार्यक्रम लिहून काढणं सोडा. न हलणाऱ्या गोष्टी कॅलेंडरवर टाकल्या की उरलेल्या दिवसांचे तीन गठ्ठे करा.

वारा नसलेला दिवस: गोझो, हाजर ईम आणि इम्नायद्राची देवळं, डिंगलीचे कडे, बंदरातली नावेची सफर.

पावसाचा दिवस: पुरातत्त्व संग्रहालय, को-कॅथेड्रल, लास्कारिस वॉर रूम्स (दुसऱ्या महायुद्धातलं भूमिगत युद्धकेंद्र), बिर्गूतला इन्क्विझिटरचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायाधीशाचा वाडा, रबातची सेंट पॉल भुयारं.

कसाही दिवस: इम्दीना, व्हॅलेटाचे रस्ते, मोस्ताचं घुमटाचं चर्च. १९४२ मध्ये भरल्या चर्चमध्ये घुमट फोडून बॉम्ब पडला आणि फुटला नाही, तेच हे चर्च.

रोज संध्याकाळी माल्टा विमानतळाच्या हवामान कार्यालयाचा अंदाज बघा आणि उद्याचा गठ्ठा निवडा. त्यात पावसापेक्षा वाऱ्याची दिशा आणि जोर महत्त्वाचा. ईशान्येकडून येणाऱ्या ग्रिगाल वाऱ्याचा इशारा असेल, तर समुद्राशी संबंधित सगळं रद्द समजा. मोठा पाऊस झाला की बिरकिरकारा आणि इमसिदाच्या सखल रस्त्यांवर पाणी साचतं आणि अर्ध्या बेटाच्या बस खोळंबतात. त्या दिवशी चालत पोचता येईल तेवढंच बघा.

इशारा: हाताशी येणारा पहिला शांत दिवस गोझोला द्या, शेवटचा नव्हे. "शेवटी निवांत करू" म्हणून ठेवलेलं गोझो हटकून हुकतं.

रविवारसाठी स्वतंत्र बेत हवा. को-कॅथेड्रल पर्यटकांना बंद, बरीच दुकानं बंद. सकाळी मार्साश्लोकचा मासळीबाजार करा. दहाच्या आधी पोचा, नंतर तिथे मासळी कमी आणि टेबलक्लॉथ जास्त. एरवीही लहान गावांतली दुकानं दुपारी एक ते चार मिटलेली असतात. गावातली चर्च सकाळी आणि संध्याकाळच्या प्रार्थनेच्या आसपास उघडतात, मधल्या वेळात नाही.

## ६. बघण्याचा क्रम

काय बघायचं हे सगळे सांगतात. क्रम चुकला तर मात्र निम्मं डोक्यावरून जातं.

### देवळं

व्हॅलेटातलं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय सर्वांत आधी. तार्शेनच्या देवळातले सर्पिल नक्षीचे मूळ दगड इथे आहेत. देवळात उभ्या आहेत त्या प्रतिकृती. हायपोजियममध्ये सापडलेली तळहातावर मावेल एवढी "निद्रिस्त स्त्री" सुद्धा इथेच. हे न बघता जाणाऱ्याला देवळं म्हणजे नुसता दगडांचा ढीग वाटतो.

मग हायपोजियम, आणि त्याच दिवशी चालत दहा-पंधरा मिनिटांवरचं तार्शेन. एक जमिनीखाली, दुसरं जमिनीवर, आणि दोन्हीच्या रचनेतलं साम्य लगेच दिसतं. त्यानंतर वारा नसलेल्या दिवशी हाजर ईम आणि इम्नायद्रा. दोन्हींवर आता संरक्षक तंबू आहेत, त्यामुळे पाऊस फारसा अडवत नाही. पण दोन देवळांमधली समुद्राकडे उतरणारी पायवाट उघडी आहे. शेवटी गोझोचं जिगांतिया, इ.स.पू. ३६०० च्या सुमाराचं. गिझाच्या पिरॅमिडांच्या हजार वर्षं आधीचं.

### सरदारांचा माल्टा

बहुतेक जण व्हॅलेटापासून सुरुवात करतात आणि मग इम्दीना, बिर्गू "वेळ मिळाला तर" ठेवतात. हे उलटं करा. आधी इम्दीना आणि रबात: जुनी राजधानी, रोमन घर, भुयारी दफनस्थळं. मग बिर्गू, कारण नाइट्स ऑफ सेंट जॉन, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्धे सरदार, १५३० मध्ये आले ते इथे राहिले, आणि १५६५ चा तुर्की वेढा त्यांनी सोसला तो इथल्या सेंट अँजेलो किल्ल्यातून. त्यानंतर व्हॅलेटा बघा. १५६६ मध्ये पायाभरणी झालेलं हे शहर त्या वेढ्याचं उत्तर आहे, आणि बिर्गूच्या तटावरून समोर बघितलं की ते का आणि कुठे बांधलं हे सांगावं लागत नाही. बिर्गूहून व्हॅलेटाला शक्यतो नावेने या.

को-कॅथेड्रलला सकाळी दार उघडताच जा. आत जमिनीवर सुमारे चारशे संगमरवरी थडगी जडवलेली आहेत, म्हणून टोकदार टाचांचे बूट चालत नाहीत. खांदे झाकलेले हवेत. कॅराव्हाज्जो या चित्रकाराचं १६०८ मधलं "सेंट जॉनचा शिरच्छेद" बाजूच्या ओरेटरीत, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र. सही शोधायची ती मानेतून वाहणाऱ्या रक्तात. आधी सरळ या चित्रापाशी जा, गट येण्याआधी दहा मिनिटं मिळतात. छत आणि जमीन नंतर.

दुपारी बारा आणि चारला व्हॅलेटातल्या अप्पर बराक्का बागेखाली तोफ उडते. तोफ ऐकायला तिकीट लागत नाही. वरच्या बागेतून बघा.

### तिकिटांचा हिशेब

हेरिटेज माल्टाचा एकत्रित पास पहिल्या वापरापासून ३० दिवस चालतो. पाच-सहा ठिकाणं करणार असाल तर घ्या. पण हायपोजियम त्यात येत नाही. को-कॅथेड्रल आणि लास्कारिसही वेगळ्या संस्थांची आहेत, त्यांची तिकिटं वेगळी. पास दाखवून दारात वाद घालणारे रोज दिसतात.

### एक थांबा जो याद्यांत नसतो

पहिल्या महायुद्धात माल्टा हे जखमी सैनिकांचं बेट होतं. पिएटाच्या लष्करी दफनभूमीत इथे मरण पावलेल्या आणि दहन झालेल्या भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. त्याआधीही, १८७८ मध्ये, रशियाला धाक दाखवायला ब्रिटिशांनी मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी सैनिक माल्टाला धाडले होते. व्हॅलेटाहून बसने थोडंच अंतर. अर्धा तास काढा.

## ७. बस आणि गोझो

गाडी भाड्याने घेऊ नका. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून असली तरी पार्किंग नाही आणि गल्ल्या अरुंद आहेत. बस थांब्यावर आपोआप थांबेलच असं नाही. लांबून हात दाखवा. तिकीट दोन तास चालतं, त्यात बस बदलता येते. भरलेली बस न थांबता निघून जाते, म्हणून हायपोजियमसारख्या वेळेच्या कामाला एक बस आधीची धरा. हल्ली चालकाच्या जागी भारतीय माणूस भेटण्याची बरीच शक्यता असते, आणि पाटीवर नसलेली माहिती त्याच्याकडे असते. पाट्या वाचताना रोमन एक्स दिसला की "श" म्हणा. निम्मी गावं लगेच ओळखू येतील.

गोझोसाठी:

1. व्हॅलेटाहून ४१ किंवा ४२ क्रमांकाच्या बसने फेरीच्या धक्क्यावर, चिरकेव्वाला. तासापेक्षा जास्त धरा आणि सातच्या सुमारास निघा.
2. मोठी फेरी २५ मिनिटांत गोझोच्या इम्जार बंदराला पोचते. जाताना तिकीट काढावं लागत नाही. गोझोहून परतताना काढायचं. खिडकी शोधत बोट चुकवू नका.
3. व्हॅलेटाहून थेट जलद बोटही आहे, सुमारे ४५ मिनिटांची. ती छोटी असल्याने वाऱ्यात आधी रद्द होते. जाताना वापरा, परतीसाठी तिच्यावर विसंबू नका.
4. गोझोतल्या बस व्हिक्टोरियातून फुटतात आणि साधारण तासातासाने असतात. आधी जिगांतिया, मग व्हिक्टोरियाचा बालेकिल्ला, हा क्रम सोयीचा.

शक्य असेल तर एक रात्र गोझोत काढा. कार्निव्हलमध्ये तर नक्की: नदूर गावातल्या रात्री मुखवटे, चादरी आणि भुताखेतांचा अवतार करून लोक आपापले उतरतात; आखलेला कार्यक्रम नसतो. नाताळात आयनसीलेमला जिवंत माणसांचा बेथलेहेम देखावा असतो.

इशारा: समुद्रातली प्रसिद्ध दगडी कमान, अझूर विंडो, ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. तिच्यासाठी द्वेयराला जाऊ नका; तिथली लाटांची ताकद बघायला जा, आणि ओल्या खडकांपासून दूर उभे राहा. श्वेयनीची मिठागरं उन्हाळ्यात पिकतात, हिवाळ्यात त्यांच्यावर समुद्र असतो.

रानात फिरताना दगडी भिंतींवर आरटीओ अशी रोमन अक्षरं रंगवलेली दिसतील. परिवहन कार्यालयाचा संबंध नाही. जागा खासगी आहे, बहुधा शिकाऱ्याची, आत येऊ नका असा अर्थ. हिवाळ्यात बंदुकांचे आवाज खरे असतात.

## ८. माणसांत जाण्याचा रस्ता

प्रत्येक गावाच्या चौकात बँड क्लब असतो, तिथे त्याला कझिन म्हणतात. बाहेरच्याला चालतं का, असं विचारत दारात घुटमळू नका. आत बार असतो, चहा-कॉफी स्वस्त असते, भिंतीवर जुन्या बँडमास्तरांची चित्रं असतात. हिवाळ्यात म्हातारी मंडळी तिथेच बसतात आणि त्यांना वेळच वेळ असतो. एक पथ्य: एका गावात अनेकदा दोन क्लब असतात आणि त्यांची चुरस पुण्यातल्या गणेश मंडळांइतकी जुनी असते. "दोघांत चांगला कोणता?" हे एकालाही विचारू नका. फेस्ताची तयारी कशी चालते, हे विचारा; तास जातो.

शाकाहाऱ्यांनी पस्तित्सी, म्हणजे पापुद्र्यांची सारण भरलेली करंजी, मटाराची किंवा रिकोटा चीजची घ्यावी. मात्र पापुद्र्यांत कधी कधी डुकराची चरबी असते, तेव्हा आधी विचारा. बिगिल्ला ही घेवड्याच्या जातीच्या कडधान्याची लसूण घातलेली चटणी निर्धास्त. सोप्पा ताल-आर्मला हे भाज्यांचं सूप हिवाळ्यातलं खास, पण त्यात अंडं फोडतात. उपवासाच्या दिवसांत बेकऱ्यांत क्वारेझिमाल ही बदामाची बिस्किटं येतात. पारंपरिक कृतीत ना अंडं, ना लोणी. मांसाहाऱ्यांसाठी ससा बारा महिने, लाम्पुकी मासा मात्र डिसेंबरपर्यंतच.

## ९. परतीचा दिवस

विमानतळ व्हॅलेटापासून जवळ, लुआत आहे, पण पावसात बस वेळेवर पोचेल असं समजू नका, टॅक्सी सांगा. मध, केपर्स (मुरवलेल्या आंबट कळ्या) आणि मिरी लावलेलं सुकं चीज चेक-इन बॅगेत टाका. मध आणि भरणीतले केपर्स द्रवात मोजतात आणि सुरक्षा तपासणीत काढून घेतात. विमान रोम किंवा फ्रँकफर्टमार्गे असेल, तर पासपोर्ट तपासणी माल्टात होत नाही, तिथे होते. दोन विमानांत दीड तासाचं अंतर दाखवणारं तिकीट स्वस्त दिसलं, तरी हिवाळ्यात ते घेऊ नका.